टेम्सवर चार रात्री: पहिल्यांदाच बोट हाती घेणाऱ्यांसाठी

इंग्लंडला जायचं म्हटलं की आपली यादी तयार असते. राजवाडा, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, मग ऑक्सफर्ड, मग स्ट्रॅटफर्ड. सकाळी सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. या सगळ्याला एक पर्याय आहे, तो म्हणजे टेम्स नदीवर स्वतः चालवायची बोट भाड्याने घ्यायची, तिच्यातच झोपायचं, तिच्यातच स्वयंपाक करायचा आणि दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर सरकायचं. बोट चालवण्याचा अनुभव लागत नाही आणि परवानाही लागत नाही. लागतो तो थोडा सावधपणा. आणि कमी अंतरावर समाधान मानायची तयारी, जी आपल्याला जरा जड जाते.

नदी आधी समजून घ्या

लंडनमध्ये पुलावरून दिसते ती टेम्स वेगळी. तिथे भरती-ओहोटी चालते, पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, मोठ्या बोटींची ये-जा असते. नवख्याने तिकडे जायचंही नाही आणि भाड्याच्या बोटी सहसा तिकडे नेऊही देत नाहीत. आपली टेम्स सुरू होते लंडनच्या पश्चिमेकडच्या टेडिंग्टनच्या वर, म्हणजे उगमाच्या बाजूला. नदीची एकूण लांबी सुमारे ३४६ किलोमीटर. त्यातला उगमाकडच्या लेचलेड गावापासून टेडिंग्टनपर्यंतचा सुमारे २०० किलोमीटरचा भाग सुट्टीच्या बोटींचा.

या भागात ४४ ठिकाणी नदीवर बंधारा आहे आणि प्रत्येक बंधाऱ्याच्या कडेला एक लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. बंधाऱ्यांमुळे उन्हाळ्यात पाण्याची पातळी जवळपास स्थिर राहते. मे महिन्यात वाळूत गेलेली आणि ऑगस्टमध्ये पूल गिळणारी नदी पाहिलेल्या आपल्याला हे आधी खरं वाटत नाही. अर्थात ही नदीही फुगते, पण मुख्यतः हिवाळ्यात. म्हणून बोटींचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर.

केव्हा जावं

माझं मत मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, नाहीतर सप्टेंबर. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या आसपास मावळतो, म्हणजे दुपारी तीनला निघालात तरी अंधाराची धास्ती नाही. जुलैच्या शेवटी इंग्लंडच्या शाळांना सुट्टी लागते, मग लॉकपाशी रांगा आणि चढे दर. जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास हेन्ली या नदीकाठच्या गावाची रॉयल रेगाटा असते. वल्ह्यांच्या बोटींच्या या शर्यती १८३९ पासून चालू आहेत. त्या आठवड्यात हेन्लीत बोट बांधायला जागा शोधणं म्हणजे निव्वळ मनस्ताप. शर्यत पाहायचीच असेल तर आगगाडीने जा.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र एक गंमत दिसू शकते. राजघराण्याच्या वतीने आणि व्हिंटनर्स व डायर्स या लंडनच्या दोन जुन्या व्यापारी संघांच्या वतीने नदीवरच्या हंसांची मोजणी होते. लांब वल्ह्यांच्या होड्या, रंगीत डगले, आणि पिल्लांना वजन करून पुन्हा पाण्यात सोडणं.

बोट निवडताना

टेम्सवर दोन प्रकार जास्त दिसतात. एक रुंद क्रूझर, गाडीसारखं चाक असलेली. दुसरी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांसाठी बनलेली लांबट, जेमतेम सात फूट रुंद पोलादी बोट. हिच्या मागच्या टोकाला उभं राहून दांडा धरायचा, आणि दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं. दिसायला नॅरोबोट देखणी, पण आई-वडील बरोबर असतील आणि पहिलीच खेप असेल तर क्रूझर घ्या. बसायला जागा जास्त, चालवणारा सगळ्यांबरोबर बसतो, आणि चाकाची सवय सगळ्यांना असते.

चौकशी करताना हे नक्की विचारा: कायमच्या पलंगांवर किती जण झोपतात आणि सोफा उघडून किती. आठ जणांची म्हणून सांगितलेली बोट पुष्कळदा सहांनाच सोयीची असते. संडास टाकीचा की रसायनाच्या डब्याचा? डबा स्वतः रिकामा करावा लागतो, ते कोण करणार हे निघण्यापूर्वीच ठरवलेलं बरं. अनामत किती, डिझेल भाड्यात धरलेलं आहे का, चालवणाऱ्याच्या वयाची अट काय. आणि लेचलेडच्या बाजूला जायचा विचार असेल तर बोटीची उंची. ऑक्सफर्डमधला ऑस्नी पूल पाण्यापासून सव्वादोन मीटरच्या जरासाच वर आहे, मोठ्या क्रूझर तिथूनच परत फिरतात.

आठवड्याचं भाडं बहुतेक शनिवार ते शनिवार असतं. छोटी सुट्टी म्हणजे शुक्रवार ते सोमवार, किंवा सोमवार ते शुक्रवार. पहिल्या वेळी सोमवार ते शुक्रवार घ्या. चार रात्री पुरतात, आणि शनिवार-रविवारची गर्दी टळते.

व्हिसा, सामान, स्वयंपाकघर

भारतीय पासपोर्टवर नेहमीचा पर्यटक व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. बोटीचे पैसे रद्द झाल्यास परत मिळतात का, हे व्हिसा हातात येण्याआधी वाचून ठेवा. प्रवासविम्यात बोटीवरची सुट्टी बसते का, तेही.

मोठ्या कडक बॅगा बोटीत ठेवायला जागाच नसते. कापडी पिशव्या न्या, त्या घडी करून पलंगाखाली जातात. रबरी तळाचे बूट हवेतच, कारण ओल्या डेकवर चपला घसरतात. जूनमध्येसुद्धा एक स्वेटर आणि पावसाचं जॅकेट. छत्री नको, दोर धरायला दोन्ही हात मोकळे लागतात.

स्वयंपाकघरात गॅसची शेगडी, छोटा फ्रिज आणि भांडी असतात. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा तूप, श्रीखंड, पेढे यांच्या फंदात पडू नका. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, पोहे एवढं न्या. बाकी तांदूळ, डाळी, कोथिंबीर, मिरच्या, जिथून आपण निघणार त्या रेडिंगच्या भारतीय दुकानांत सहज मिळतात. बोटीवरची वीज बॅटरीची. फोन चार्ज होतो, पण मिक्सर किंवा इंडक्शन चालेल हे गृहीत धरू नका. लहान कुकर नेला तर मात्र संध्याकाळचा वरणभात अर्ध्या तासात होतो. झाकण उघडायच्या आधी खिडकी उघडा. बोटीत धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे इशारायंत्र असते. ते वाजलं तर बंद करून गप्प बसवायचं नाही, गॅस बंद करून सगळ्यांनी बाहेर यायचं.

कुठून कुठे

इथे बहुतेकांचा घोळ होतो. नकाशावर ऑक्सफर्ड ते विंडसर बोटाच्या एका पेरात मावतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, जाऊन येऊ की. नदीवर वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे, म्हणजे भरभर चालणारा माणूस काठावरून तुमच्याबरोबर राहतो. प्रत्येक लॉकला पंधरा-वीस मिनिटं धरा, गर्दी असेल तर जास्त. हिशेब सोपा: दिवसाला बोटीवर तीन-चार तास, फक्त परतीच्या दिवशी थोडे जास्त.

नवख्यांना मी रेडिंगच्या कॅव्हरशॅम भागातून मार्लोपर्यंत आणि परत, एवढंच सुचवेन. एका बाजूचं अंतर सुमारे २७ किलोमीटर, वाटेत सात लॉक. आणि टेम्सचा फार देखणा तुकडा. हीथ्रो विमानतळावरून रेडिंगला थेट बस आहे, लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून गाडीने अर्धा तास.

सोमवारी दुपारी बोट ताब्यात मिळेल. त्या दिवशी कॅव्हरशॅमचं लॉक ओलांडून सॉनिंगपर्यंतच जा. कॅव्हरशॅम लॉकच्या खाली उजवीकडून केनेट नदी येऊन मिळते, तिच्यातून पश्चिमेला ब्रिस्टलकडे जाणारा कालवा सुरू होतो. तिकडे वळायचं नाही. सॉनिंगचा विटांचा जुना पूल अरुंद कमानींचा आहे. समोरून बोट येत नाही ना, हे पाहून मगच शिरा.

मंगळवारी शिपलेक आणि मार्श ही लॉक ओलांडून जेवायच्या वेळेपर्यंत हेन्ली. पुलाच्या मधल्या कमानीकडे मान वर करून बघा. १७८६ च्या या पुलावर दोन्ही अंगांना एकेक मुखवटा कोरलेला आहे, एक टेम्सचा आणि दुसरा आयसिसचा (ऑक्सफर्डजवळ टेम्सलाच हे नाव आहे). ते घडवले अ‍ॅन डेमर या शिल्पकार स्त्रीने, ज्या काळात बायकांनी छिन्नी-हातोडा हातात घेणं लोकांना चमत्कारिक वाटे. दुपार मोकळी असेल तर टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांवर स्टोक रो नावाचं खेडं आहे. तिथे चक्क काशीनरेशांनी बांधून दिलेली विहीर आहे. या टेकड्यांवर पाण्याचे हाल असतात, हे महाराजांनी भारतातल्या इंग्रज अधिकारी एडवर्ड रीड यांच्याकडून ऐकलं आणि पैसे दिले. विहीर १८६४ मध्ये खुली झाली. खोली ३६८ फूट, वर सोनेरी हत्ती आणि घुमट. इंग्रजांना हिंदुस्थानातून मदत पाठवल्याचं हे उदाहरण फार कमी पर्यटकांना माहीत असतं, म्हणून वाट वाकडी करायला हरकत नाही.

बुधवारी सकाळी हेन्लीचा सरळ पट्टा, जिथे शर्यती होतात. २,११२ मीटरची ही शर्यत टेम्पल बेटापाशी सुरू होते. मग हँबल्डनची पांढरी लाकडी गिरणी आणि तिच्यासमोर बंधाऱ्यावरून जाणारी पायवाट. लॉकपाशी थांबून त्या पायवाटेवर जरूर फिरा, पायाखालून पाणी घोंघावत जातं. आकाशात दुभंगलेल्या शेपटीच्या तांबूस घारी दिसतील. इंग्लंडमधून त्या नामशेष झाल्या होत्या. १९९० च्या सुमारास स्पेनमधून पक्षी आणून या चिल्टर्न टेकड्यांत सोडले, आता त्या डोक्यावर कावळ्यांइतक्या सहज फिरतात.

दुपारी मार्लो. तिथला झुलता पूल १८३२ चा, विल्यम टियर्नी क्लार्क यांचा. बुडापेस्टचा प्रसिद्ध साखळी पूल याच माणसाने पुढे आखला. पुलाजवळच्या बागेत बसून आइस्क्रीम खा, गावात एक चक्कर मारा आणि चारच्या सुमारास बोट वळवून मागे हर्लीला मुक्काम करा. मार्लोत रात्र काढायचा मोह होतो, पण हर्ली शांत आहे, आणि तिथे परतलं की गुरुवारचा प्रवास हलका होतो. गुरुवारी हेन्लीवरून न थांबता कॅव्हरशॅमच्या लॉकच्या वर, म्हणजे बोटकंपनीच्या तळाच्या जवळ येऊन बांधा.

बोट ताब्यात घेताना

तळावरचा माणूस साधारण तासभर सगळं दाखवतो. घरातल्या दोघांनी तरी ऐकावं, एकाने फोनवर चित्रण करावं. जीवरक्षक जाकिटं अंगावर बसतात का ते तिथेच घालून पाहा. पोहता न येणाऱ्याने आणि मुलांनी डेकवर असताना ती काढायचीच नाहीत.

चालवताना तीन गोष्टी वेगळ्या वाटतात. पहिली, ब्रेक नाही. थांबायचं तर आधीच वेग कमी करून थोडा उलटा गिअर द्यायचा. दुसरी, सुकाणू फिरवल्यावर दोन-तीन सेकंदांनी बोट ऐकते. नवखा माणूस तोवर आणखी फिरवतो, मग घाबरून उलटा फिरवतो आणि बोट नागमोडी जाते. थोडं फिरवा, थांबा, बघा. तिसरी, बोट मधल्या भागाभोवती वळते. नाक डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे फेकलं जातं, काठाजवळ असाल तर तेच आपटतं.

नदीवर उजवीकडून जायचं. रस्त्यावर इंग्रज आपल्यासारखेच डावीकडून चालतात, पाण्यावर उलट. प्रवाहाच्या विरुद्ध जाताना लाल तरंगखुणा डावीकडे आणि हिरव्या उजवीकडे राहिल्या पाहिजेत, प्रवाहाबरोबर जाताना याच्या उलट. वल्हवणारे पाठमोरे बसलेले असतात, त्यांना तुम्ही दिसत नाही. तेव्हा वेग कमी करा आणि सरळ रेषेत राहा, कोणत्या बाजूने जायचं ते त्यांना ठरवू द्या. गळ टाकून बसलेल्यांपासूनही जरा दूरून. तुमच्या मागे काठावर लाट आपटत असेल तर तुम्ही जोरात आहात.

कुणी पाण्यात पडलं तर पहिलं काम बोटीखालचा पंखा थांबवणं, म्हणजे गिअर न्यूट्रलला. मग तरंगकडं फेका. मागोमाग उडी कुणीही मारायची नाही.

लॉकमधून जाणं

ज्याची सगळ्यांना भीती वाटते ते हेच. खरं तर टेम्सवर हे कालव्यांपेक्षा सोपं आहे, कारण हंगामात बहुतेक लॉकवर लॉककीपर असतो आणि दारं, झडपा तोच सांभाळतो. ऑक्सफर्डजवळच्या गॉडस्टोपासून खाली सगळी दारं यंत्राने चालतात, त्याच्या वर हाताने.

लांबून दोन वाटा दिसतात: एक लॉककडे, दुसरी बंधाऱ्याकडे. पाटीवरचा बाण वाचल्याशिवाय पुढे सरकू नका. दार बंद असेल तर बाहेरच्या धक्क्याला लागून थांबा, हिरवा दिवा किंवा कीपरचा हात दिसला की हळू आत. पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक माणूस दोर घेऊन तयार हवा. काठाला लागल्यावर पायरीसारखं उतरायचं, उडी नाही. दोर खुंटाभोवती एक वेढा देऊन टोक हातात ठेवायचं. गाठ कधीही मारायची नाही. खाली जाताना पाणी उतरतं आणि गाठ मारलेली बोट दोराला लटकते. यावरून दरवर्षी कुणाची तरी फजिती होते. इंजिन बंद करा, गाणी बंद करा. खाली जाताना दोर सोडत राहा आणि वरच्या दाराजवळच्या उंबऱ्यापासून बोटीचं मागचं टोक पुढे ठेवा, तिथे भिंतीवर खूण असते. वर जाताना दोर ओढत राहा, आणि पुढच्या दारातून पाणी उसळतं म्हणून फार पुढे जाऊ नका. बोट आणि भिंत यांच्यामध्ये हात-पाय घालून ढकलायचा प्रयत्न नको. त्यासाठी कडेला रबरी गोळे लटकवलेले असतात.

कीपरला जेवणाची सुट्टी असते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तो घरी जातो. तेव्हा लॉक बंद नसतं, बटणं दाबून स्वतः चालवायचं असतं, सूचना खांबावर लिहिलेल्या असतात. पहिल्या दिवशी मात्र कीपर असतानाच शिरा. त्याच्याशी चार शब्द बोला. बहुतेकांनी आपल्या लॉकवर फुलझाडं लावलेली असतात, त्यांचं कौतुक केलंत की पुढच्या मुक्कामाची चांगली जागा आपोआप कळते.

लॉकवरच्या पाट्यांकडे रोज लक्ष ठेवा. पिवळी पाटी म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय. लाल पाटी म्हणजे जोराचा प्रवाह: बोट जिथे आहे तिथे बांधा, तळाला फोन करा आणि पत्ते काढा.

रात्रीचा मुक्काम

अंधारात बोट चालवायची परवानगी नसते, तेव्हा पाचच्या आत जागा पकडा. काही ठिकाणी पहिले चोवीस तास फुकट, गावांच्या धक्क्यांवर रात्रीचं भाडं. पाटी नीट वाचा. नदीकाठच्या पबच्या धक्क्यावर जेवणाऱ्यांना बांधू देतात, पण आधी फोन करून विचारा. पबची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, नऊनंतर ताट मिळेल ही आशा नको.

बांधताना बोटीचं नाक प्रवाहाच्या विरुद्ध करा, म्हणजे पाणीच तुम्हाला थांबवायला मदत करतं. खुंट नसतील तर बोटीवर लोखंडी मेखा आणि हातोडा असतो. मेखांना पांढरं कापड किंवा पिशवी बांधा, पायवाटेने फिरायला येणारे अडखळतात. इंजिन रात्री आठनंतर नको, शेजारच्या बोटी झोपतात. पिण्याचं पाणी काही लॉकवर भरता येतं. दर दुसऱ्या दिवशी टाकी भरायची सवय लावा, आपल्याकडचे आंघोळीचे पाण्याचे हिशेब तिथे चालत नाहीत.

उकडलं तरी नदीत उतरायच्या आधी विचार करा. जोराचा पाऊस झाला की सांडपाणी नदीत सोडलं जातं, आणि बंधाऱ्यापाशी पोहणं तर जिवावरचं.

ज्यांना बोट नको

वयस्कर मंडळींना किंवा पाण्याची भीती असणाऱ्यांना हीच नदी पायी बघता येते. टेम्स पाथ ही १८४ मैलांची राष्ट्रीय पायवाट उगमापासून लंडनपर्यंत जाते, पण तुम्ही तिचा एक घोट घ्या. शिपलेकला आगगाडीने उतरा, चालत हेन्ली गाठा आणि तिथून गाडीने परत. किंवा कुकम ते मार्लो, दोन्ही गावांना एकाच फाट्यावरची स्थानकं आहेत. हेन्लीत तासाच्या भाड्याने विजेवर चालणाऱ्या छोट्या होड्या मिळतात. बोटीची आठवडाभराची सुट्टी झेपेल का, हे पारखायलाही त्यांचा उपयोग होतो.

परत करताना

शुक्रवारी सकाळी बोट साधारण नऊपर्यंत ताब्यात द्यावी लागते. उशीर झाला तर पुढचं कुटुंब सामान घेऊन धक्क्यावर उभं असतं आणि दंड तुमच्याकडून वसूल होतो. म्हणून गुरुवारी रात्रीच भांडी घासून, फ्रिज रिकामा करून, पिशव्या भरून ठेवा. हळदीचे डाग ओट्यावरून लगेच पुसा, ते राहिले तर अनामतीत कात्री लागते. कुठे घासलं-आपटलं असेल तर स्वतःहून सांगा, फोटो दाखवा. त्याच दिवशीचं विमान असेल तर दुपारनंतरचंच घ्या, कारण रेडिंगहून हीथ्रोची बस शुक्रवारी मोटरवेच्या गर्दीत सहज अडकते.